माशांच्या फीडरमधून मोजकेच खाणे पडावे म्हणून

वडोदऱ्यात नवरात्राच्या नऊ रात्री घरे मध्यरात्रीपर्यंत रिकामी असतात, दिवाळीत आणि मे महिन्यात इथली कितीतरी मराठी कुटुंबे पुण्याकडे, कोल्हापूरकडे किंवा कोकणात गेलेली असतात, आणि घरातल्या काचेच्या टाकीतल्या माशांना त्या दिवसांत खायला कोण घालणार हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. त्यावरचा सोपा उपाय म्हणून स्वयंचलित फीडर आणला जातो, डबीत खाद्य भरले जाते, वेळ लावली जाते आणि गाडीची वेळ झाली म्हणून माणसे निघून जातात. मीही पहिल्यांदा असेच केले होते. ऑगस्टमध्ये नऊ दिवसांसाठी गावी गेलो आणि परत आलो तेव्हा फीडरची फट तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सादळलेल्या खाद्याने बंद झालेली दिसली. मासे उपाशी होते, पण सगळे ठणठणीत होते. त्यातून मी चुकीचा धडा घेतला. दिवाळीला जाताना फट मोठी करून ठेवली, आणि या वेळी डबीतले बहुतेक सगळे खाद्य दोन-तीन फेऱ्यांतच पाण्यात गेले. परतल्यावर पाणी दुधासारखे पांढुरके झालेले होते, टाकीचे झाकण उचलताच कुबट वास आला आणि सात मासे मेलेले निघाले. त्यानंतर मी फीडर वापरणे सोडले नाही, पण तो वापरण्याआधी मोजून घ्यायला शिकलो. ती मोजणी कशी करायची ते इथे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. फीडर खाद्याचे वजन करत नाही आणि दाणेही मोजत नाही. ठरावीक वेळी तो एक फट ठरावीक काळ उघडी धरतो, एवढेच त्याचे काम. त्या फटीतून किती पडेल हे दाण्याचा आकार, त्यातला ओलावा, डबी किती भरली आहे आणि यंत्र किती समतल बसले आहे यांवर ठरते. म्हणूनच खोक्यावर छापलेल्या आकड्यावर किंवा बाजूच्या खुणेवर विसंबून चालत नाही. तीच खूण एका खाद्याला चिमूटभर देते आणि दुसऱ्याला मूठभर.

यंत्राचा प्रकार

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिल्यात एक आडवी गोल डबी असते, तिच्या अंगावर सरकत्या दाराची फट असते, आणि ठरलेल्या वेळी डबी एक पूर्ण फेरा घेते. फट खालच्या बाजूला आली की खाद्य पडते. दुसऱ्यात बारा-चौदा कप्प्यांची तबकडी असते, प्रत्येक कप्प्यात आपण हाताने एका वेळचे खाणे भरतो आणि दर वेळी एक कप्पा छिद्रावर येऊन रिकामा होतो. मोजमापाच्या दृष्टीने कप्प्यांचा प्रकार जास्त भरवशाचा आहे, कारण यंत्र बिघडले तरी एका वेळी एका कप्प्यापेक्षा जास्त सहसा पडत नाही. त्याची अडचण अशी की चौदा खाणी संपली की तो संपला, आणि प्रत्येक कप्पा उघड्यावर असल्याने खाद्य लवकर सादळते. आठवड्याभरासाठी जायचे असेल आणि दिवसातून एकदाच खाणे द्यायचे असेल तर मी कप्प्यांचा फीडर घ्यायला सांगेन. पण बहुतेकांच्या घरी डबीवाला फीडर असतो आणि खरी कसरत त्याच्यासोबतच असते, म्हणून पुढचे सगळे त्याच्याविषयी आहे.

तीन-चार दिवसांसाठीच बाहेर जायचे असेल तर फीडर लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाढ पूर्ण झालेले, निरोगी मासे तेवढे दिवस विनातक्रार उपाशी राहतात, आठवडाभरही राहतात. लहान पिल्ले मात्र राहू शकत नाहीत. त्यांच्यासाठी माणूसच हवा.

माशांना लागते किती

फीडर मोजण्याआधी आपला हात मोजावा लागतो. «दोन मिनिटांत संपेल इतके» हा ठोकताळा सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्यावरून यंत्राला आकडा देता येत नाही. त्यासाठी एक साधी रीत आहे. सोनारकामासाठी वापरतात तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावेल एवढा डिजिटल काटा घ्यावा. तो महाग नसतो. एका छोट्या कोरड्या बाटलीत बरोबर १० ग्रॅम खाद्य भरावे आणि सात दिवस नेहमीच्या हाताने, नेहमीच्या वेळी, फक्त त्याच बाटलीतून घालावे. घरातल्या लहान मुलांना हे आधी सांगून ठेवावे, कारण शाळेतून आल्यावर मुले टाकीपाशी जातातच आणि हिशेब तिथेच चुकतो. आठव्या दिवशी उरलेले वजन करावे. माझ्या १०० लिटरच्या टाकीत वीस-बावीस लहान मासे आहेत, आणि बाटलीत ६.८५ ग्रॅम उरले होते. म्हणजे आठवड्याला ३.१५ ग्रॅम, दिवसाला ०.४५ ग्रॅम.

हा आकडा जसाच्या तसा फीडरला द्यायचा नाही. समोर बसून घालताना आपण मासे किती हुशारीने खायला येतात ते पाहतो आणि हात आखडता घेतो. यंत्राला ते दिसत नाही. म्हणून त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे माझ्या बाबतीत दिवसाला ०.३० ग्रॅम, हे लक्ष्य ठरवावे आणि ते सकाळ-संध्याकाळ ०.१५ ग्रॅम असे दोनदा वाटून द्यावे. गोल्डफिश आणि बार्ब यांच्या कुळातल्या माशांना जठरच नसते. एकदम खाल्लेले साठवून ठेवून सावकाश पचवण्याची सोय त्यांच्या शरीरात नाही. त्यामुळे त्यांना एका मोठ्या खाण्यापेक्षा दोन छोटी खाणी मानवतात.

जास्त पडले तर काय होते याचा हिशेब एकदा करून पाहिला की मोजण्याचा कंटाळा उरत नाही. माशांच्या खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनाच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजन असतो. त्या हिशेबाने १ ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन येतो, आणि तो सगळा अमोनियात बदलला तर ७८ मिलिग्रॅम अमोनिया होतो. १०० लिटर पाण्यात हे प्रमाण दर लिटरला ०.७८ मिलिग्रॅम इतके होते. रोजचे ०.३० ग्रॅम खाद्य फिल्टरमधले जिवाणू सहज सांभाळतात. पण माझ्या दिवाळीत झाले तसे ४० ग्रॅम एकदम पडले, तर त्याची वरची मर्यादा दर लिटरला ३१ मिलिग्रॅम होते. सगळे काही एका रात्रीत कुजत नाही आणि थोडा भाग गाळातच राहतो, तरीही याच्या दहाव्या हिश्शानेसुद्धा मासे मरू शकतात. शिवाय कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात, आणि तो उन्हाळ्यात आधीच कमी असतो: २५ अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो ७.६ वर येतो. मे महिन्यात आपल्याकडे बंद घरातली टाकी ३० अंशांच्या वर सहज जाते. उपाशी मासे आणि अति खाल्लेली टाकी यांत निवड करायचीच झाली तर मी दर वेळी उपास निवडेन.

खाद्य निवडणे आणि चाळणे

फीडरमध्ये फ्लेक्स भरू नयेत. पातळ पापुद्रे एकमेकांवर बसून फटीपाशी पूल बांधतात, मग काही वेळा काहीच पडत नाही आणि एकदा पूल मोडला की ढिगाने पडते. हवेतला ओलावाही ते सगळ्यात लवकर शोषतात. चुरून भरले तर निम्मा भुगा होतो आणि तो माशांच्या तोंडी न लागता थेट पाणी गढूळ करतो. गोल, कडक आणि एकसारखे दाणे हेच यंत्राचे खाद्य. गपी, टेट्रा, रासबोरा यांसारख्या लहान माशांना १ मिलिमीटरचा दाणा चालतो. टाकीत तळाशी चरणारे मासे असतील तर सावकाश बुडणारा दाणा घ्यावा, म्हणजे वरच्यांनी सोडलेले खाली मिळते.

दुकानातून आणलेल्या डब्याच्या तळाशी भुगा असतोच. तो काढण्यासाठी चहाची कोरडी गाळणी पुरते. दाणे गाळणीत घेऊन कागदावर हलक्या हाताने हलवावेत. खाली जी तांबूस पूड जमते तीच पुढे फटीच्या कडेला चिकटून सगळा घोटाळा करते. चाळलेले दाणे बोटांच्या चिमटीत धरून सोडून पाहावेत. ते मोहरीसारखे सुटे घरंगळले तर ठीक, बोटांना चिकटून राहिले तर तो डबा फीडरसाठी बाद. दाणे उन्हात वाळवून वापरण्याचा मोह टाळावा, कारण उष्णतेने त्यांतली जीवनसत्त्वे आणि तेल दोन्ही खराब होतात. त्यापेक्षा नवा, छोटा डबा आणावा. त्याच चाळलेल्या खाद्यावर सगळी मोजणी करावी आणि प्रवासाला जातानाही तेच भरावे. मधेच कंपनी बदलली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

फट लावणे

बहुतेक जण इथे चुकतात. कमी पडावे म्हणून ते फट होता होईल तेवढी बारीक करतात, आणि दाण्यांपेक्षा जेमतेम मोठ्या फटीत दाणे एकमेकांना अडकवून कमान धरतात. मग एका फेऱ्यात चार दाणे पडतात, दुसऱ्यात एकही नाही, तिसऱ्यात शंभर. दाणे मोकळेपणाने वाहायला हवे असतील तर फटीची रुंदी दाण्याच्या व्यासाच्या निदान चार-पाच पट असावी. १ मिलिमीटरच्या दाण्याला ४ ते ५ मिलिमीटर रुंद फट लागते. २ मिलिमीटरचा दाणा वापरला तर ती ८ ते १० मिलिमीटर करावी लागेल आणि मग लहान टाकीपुरते थोडेसे पाडणे अशक्यच होईल. लहान टाकीला लहान दाणा हवा, तो माशांच्या तोंडासाठी जितका तितकाच फटीसाठीही.

४-५ मिलिमीटर रुंदीवरही जास्त पडत असेल तर रुंदी कमी करू नये, फटीची लांबी कमी करावी. डबीच्या बाहेरच्या बाजूने, फटीच्या एका टोकाकडून, चिकटपट्टीचा गुळगुळीत तुकडा लावून लांबी निम्मी किंवा एक तृतीयांश करावी. पट्टी आतून लावू नये. तिची कड सुटते, गोंद ओलावा धरतो आणि दाणे त्याला चिकटतात. लांब आणि अरुंद फटीपेक्षा आखूड आणि रुंद फट कितीतरी सारखे खाद्य देते. ही एवढी एक गोष्ट केली तरी अर्धे काम होते, आणि मला ती कळायला दोन वर्षे लागली.

कागदावरची मोजणी

आता फीडर टाकीवर न लावता टेबलाच्या कडेला बसवावा आणि खाली पांढऱ्या कागदाचे दहा चौकोन ठेवायला घ्यावेत. जुन्या दिनदर्शिकेच्या पानांची कोरी बाजू यासाठी उत्तम. डबी भरून आणली की दाणे घट्ट बसलेले असतात, म्हणून हाताने बटण दाबून पहिले तीन फेरे वाया जाऊ द्यावेत. त्यानंतर दर फेऱ्याला नवा कागद ठेवावा, पडलेले दाणे काट्यावर घ्यावेत आणि वजन लिहून ठेवावे. असे दहा फेरे करावेत. माझ्या एका मोजणीत हे आकडे आले: ०.१४, ०.१७, ०.१५, ०.१३, ०.१६, ०.१५, ०.१८, ०.१४, ०.१५, ०.१३. बेरीज १.५० ग्रॅम, सरासरी ०.१५. सरासरी जमली म्हणजे काम झाले असे मात्र नाही. सगळ्यात मोठा आकडा सरासरीच्या दीडपटीच्या आत असला पाहिजे. इथे तो ०.१८ आहे, म्हणून ही मांडणी मी स्वीकारली. ज्या मोजणीत एक फेरा ०.०२ आणि पुढचा ०.४० येतो तिची सरासरी कितीही सुंदर असो, ती फेकून द्यावी आणि दाणा किंवा फट बदलावी.

काटा नसेल तर दाणे मोजूनही चालते, फक्त चिकाटी लागते. माझ्याकडचे १ मिलिमीटरचे १०० दाणे सुमारे ०.०७ ग्रॅम भरतात, म्हणजे एका खाण्यात दोनशेच्या थोडे वर दाणे येतात. पांढऱ्या कागदावर पट्टीने दहा-दहाचे ढीग सारत गेले की पाच मिनिटांत एक फेरा मोजून होतो. दोनशे हा आकडा ऐकून दचकायला होते, पण वीस माशांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला दहाच बारीक दाणे येतात.

आपल्याला हवे ते सगळ्यात लहान खाणेही मोठेच पडत असेल, उदाहरणार्थ एकटा फायटर मासा असलेल्या दहा-पंधरा लिटरच्या टाकीत, तर डबीवाल्या फीडरशी झगडत बसू नये. तिथे कप्प्यांचा फीडर घ्यावा किंवा एक दिवसाआड एक खाणे लावावे.

डबी किती भरावी

याच मोजणीचा पुढचा भाग बहुतेक जण करत नाहीत. डबी काठोकाठ भरलेली असताना खाद्य जास्त पडते. पाव डबी उरली की त्याच फटीतून निम्मेही पडत नाही. माझ्या फीडरवर भरलेल्या डबीतून ०.२१, अर्ध्या डबीतून ०.१५ आणि पाव डबीतून ०.०९ ग्रॅम पडते. खूण तीच, फट तीच, फरक दुपटीहून जास्त.

यावर सरळ उपाय दिसतो तो असा की डबी भरपूर भरावी, म्हणजे दहा दिवसांत पातळी फारशी उतरणार नाही. पण तेव्हा यंत्र बिघडले तर पाण्यात जाणारे खाद्यही तितकेच भरपूर. मी उलट करतो. दहा दिवसांना ३ ग्रॅम लागणार असतील तर डबीत साधारण १२ ग्रॅमच भरतो आणि त्या पातळीवर फट लावून घेतो, मग ३ ग्रॅम काढून ९ ग्रॅमवर पुन्हा दहा फेरे मोजतो. दोन्हींच्या मधला आकडा ०.१५ च्या आसपास येईपर्यंत चिकटपट्टी सरकवावी लागते. यात संध्याकाळ जाते, पण दोन फायदे मिळतात: खाद्य ताजे राहते आणि वाइटात वाईट घडले तरी १२ ग्रॅमच्या वर काही पाण्यात जाऊ शकत नाही.

ओलावा

टेबलावर बिनचूक चालणारा फीडर टाकीवर गेल्यावर चौथ्या दिवशी बिघडतो, त्याचे कारण बहुतेक वेळा ओलावा असते. कोमट पाण्याची वाफ सतत वर येत असते आणि फीडरची फट नेमकी तिच्या तोंडावर असते. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, खोलीची हवाच दमट असते, हे सगळ्यांच्या ध्यानात येते. हिवाळ्यात मात्र लोक बेसावध राहतात. जानेवारीत वडोदऱ्यात रात्री थंड होतात, टाकीत हीटर चालू असतो, वर झाकणाची काच गार असते आणि तिच्या आतल्या बाजूने दव धरावे तसे थेंब जमतात. उत्तरायणाच्या दिवसांत सगळे घर गच्चीवर पतंग उडवत असताना खाली फीडरच्या फटीवर हेच चाललेले असते.

ओलावा कसा दिसतो ते एकदा जवळून पाहून ठेवावे. फीडर उतरवून उजेडात उलटा धरला की फटीच्या ओठावर तपकिरी, किंचित चकचकीत कड दिसते, गुळाचा पाक भांड्याच्या काठाला वाळून बसावा तशी. नखाने खरवडली तर ती पापुद्र्याने निघते आणि तिच्यात दोन-चार दाणे रुतलेले असतात. ही कड रोज थोडी वाढते आणि फट रोज थोडी लहान होते. ती दिसली की मोठी फट करणे हा उपाय नाही, माझी दिवाळी त्यातच वाया गेली; वाफ अडवणे हा उपाय आहे.

त्यासाठी पहिली गोष्ट जागा. फीडर हवेच्या बुडबुड्यांच्या वर, फिल्टरचे पाणी जिथे पडते तिथे किंवा हीटरच्या डोक्यावर कधीही बसवू नये. टाकीच्या त्या कोपऱ्यात बसवावा जिथे पाणी सगळ्यात शांत असते, आणि फट पाण्यापासून सहा-सात सेंटीमीटर तरी उंच राहील असे पाहावे. दुसरी गोष्ट झाकण. बाकीची टाकी काचेने किंवा प्लॅस्टिकच्या जाड पत्र्याने झाकावी आणि फीडरखाली फक्त खाद्य पडण्यापुरते छिद्र ठेवावे. मात्र सगळी वाफ त्या एकाच छिद्रातून फीडरकडे जाणार नाही याची काळजी घेऊन, टाकीच्या दुसऱ्या टोकाला झाकण बोटभर उघडे ठेवावे. खाद्य नेमके पडावे म्हणून छिद्रात कागदाची नळी किंवा नरसाळे लावू नये. दोन दिवसांत त्याच्या आतून लगदा धरतो.

तिसरी गोष्ट हवेची नळी, आणि माझ्या अनुभवात ती सगळ्यात उपयोगी ठरली. काही फीडरच्या मागे हवेसाठी छोटे तोंड दिलेले असते. टाकीच्या एअर पंपाच्या नळीला टी-जोड लावून एक फाटा त्या तोंडात द्यावा आणि कॉक फिरवून इतकीच हवा सोडावी की गालाला जेमतेम जाणवेल. खोलीतली हवा डबीतून फटीवाटे बाहेर येत राहते आणि खालची वाफ आत शिरू शकत नाही. पावसाळ्यात खोलीची हवाही दमट असते हे खरे, पण पाण्यालगतच्या वाफेपेक्षा ती कितीतरी कोरडी असते. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत परतझडप लावावी, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटे चढून पंपात शिरते. ज्या फीडरला असे तोंड नाही त्याला भोक पाडून बघू नये.

सिलिका जेलच्या पुडीबद्दल बरेच जण विचारतात. तिच्यासाठी वेगळा कप्पा असेल तरच ती ठेवावी. फिरत्या डबीत सुटी टाकलेली पुडी फटीवर येऊन बसते, आणि फाटली तर तिचे मणी माशांच्या पोटात जातात.

फीडर समतल बसला आहे ना हेही इथेच पाहून घ्यावे. गवंड्याची छोटी पाणसळ डबीवर आडवी आणि उभी ठेवून पाहावी. डबी एका बाजूला कलली तर दाणे तिकडे गोळा होतात आणि चिकटपट्टी लावून आखूड केलेली फट कोरडीच फिरते, किंवा उलट सगळा भार तिच्यावर येतो.

वेळ, बॅटरी आणि वीज

दिवे लागल्यावर साधारण तासाभराने पहिले खाणे आणि दिवे मालवण्याच्या दोन-तीन तास आधी दुसरे, असे लावावे. दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांची गल्लत झाली की खाद्य अंधारात पडते आणि तसेच तळाशी जाते. स्वस्त फीडरमध्ये घड्याळ नसते, बारा किंवा चोवीस तासांचे अंतर असते, आणि ते आपण बटण दाबले त्या क्षणापासून मोजले जाते. अशा यंत्राचे बटण पहाटे पाचला निघण्याच्या घाईत दाबू नये.

बॅटऱ्या नव्या आणि अल्कलाइन घालाव्यात. चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या १.५ ऐवजी १.२ व्होल्ट देतात आणि काही फीडरची मोटर त्यांवर मंद फिरते. फट पाण्याकडे जास्त वेळ राहिली की खाणे वाढते. ज्या बॅटऱ्यांवर मोजणी केली त्याच जातीच्या बॅटऱ्या प्रवासात असाव्यात.

बॅटरीवर चालणाऱ्या फीडरचा एक धोका मात्र इथल्या माणसाने विसरू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा शहराच्या अनेक भागांत वीज गेली होती. अशा वेळी फिल्टर थांबतो, एअर पंप थांबतो, पाण्यातला प्राणवायू घटत जातो, आणि फीडर मात्र सकाळ-संध्याकाळ इमानाने खाद्य टाकत राहतो. ज्या टाकीला तेव्हा उपास हवा असतो तिलाच खाणे मिळते. म्हणून पावसाळ्यात जाताना, विजेवर चालणारा आणि वीज गेल्यावर वेळ विसरणार नाही असा फीडर मिळाला तर तो बरा. नसेल तर शेजाऱ्यांना एवढेच सांगून ठेवावे की वीज सहा तासांपेक्षा जास्त गेली तर फीडर उचलून बाजूला ठेवा. आमच्या शेजारच्या बेन हे काम करतात, निघताना मी त्यांना यंत्रातले काही समजावत बसत नाही, फक्त म्हणतो, «बेन, लाइट गेली तर हा डबा तेवढा उचलून ठेवा, खायला काही घालू नका.» शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण दयाळू शेजारी फीडर चालू असतानाही वरून मूठभर घालतात. शेजाऱ्यांनीच खायला घालायचे ठरले असेल तर वैद्याच्या औषधासारख्या तारखांच्या पुड्या बांधून द्याव्यात आणि मोठा डबा कपाटात ठेवून कुलूप लावावे.

घरी असतानाची रंगीत तालीम

निघण्याच्या निदान दहा दिवस आधी फीडर टाकीवर चढवावा आणि आपण घरी असताना आठवडाभर हाताने काहीही घालू नये. पहिल्या दिवशी खाणे पडताना समोर बसून पाहावे. दाणे फिल्टरच्या ओढीने थेट त्याच्या तोंडात जात असतील तर पृष्ठभागावर तरंगणारी खाण्याची रिंग लावावी. काचेला चोषणीने चिकटवलेली हवेच्या नळीची गोल वळी करूनही ती घरीच होते. दोन-तीन मिनिटांनी काही दाणे तळाशी उरलेले दिसले तर खाणे अजून जास्त आहे.

पाचव्या दिवशी फीडर उतरवून तसाच, न पुसता, पुन्हा कागदावर पाच फेरे मोजावेत. सरासरी ०.१५ वरून ०.१० वर आली असेल तर ओलावा आत शिरतो आहे. जागा, झाकण आणि नळी पुन्हा पाहावी. आठव्या दिवशी पाणी तपासावे. अमोनिया आणि जिवाणूंनी त्यापासून बनवलेले विषारी नायट्राइट दोन्ही शून्य असले पाहिजेत. त्यातले एकही दिसले तर फीडर दिवसातून एकदाच लावावा आणि निघण्याचे बाकीचे बेत तसेच ठेवावेत, मासे तेवढ्यावर तग धरतात.

निघण्याच्या दोन दिवस आधी पाव टाकी पाणी बदलावे, फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा, डबी कोरड्या फडक्याने पुसून ताजे चाळलेले १२ ग्रॅम खाद्य भरावे आणि भरलेले वजन फीडरच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवावे. निघण्याच्या दिवशी सकाळी काहीही बदलू नये.

परत आल्यावर लगेच हाताने खायला घालू नये. आधी फीडर उतरवून डबीतले उरलेले खाद्य वजन करावे. १२ मधून ३ च्या आसपास गेले असेल तर तीच खूण आणि तीच पट्टी पुढच्या वेळेसाठी ठेवावी. ५ गेले असतील तर पाणी तपासून दोन दिवस उपास घालावा. जेमतेम १ गेला असेल तर फटीचा ओठ उजेडात धरून पाहावा. उरलेले खाद्य पुन्हा डब्यात ओतू नये, टाकून द्यावे. बॅटऱ्या काढाव्यात, डबी कोमट पाण्याने साबण न लावता धुवावी, फट पूर्ण उघडी ठेवून दोन दिवस वाळवावी आणि मगच खोक्यात ठेवावी.